कोळंबी घ्या ती डोक्यासकट

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही गटारीसाठी म्हणून कोळंबीच्या तीन पाककृती छापल्यात, खिचडी, मसाला आणि लोणचं, फोटो पण छान आलेत, आणि चवीबद्दल माझी काहीच तक्रार नाहीये. तक्रार आहे ती साहित्याच्या पहिल्या ओळीची. तिन्ही ठिकाणी एकच ओळ, "साफ केलेली कोळंबी अर्धा किलो". बस्स. ती कुठून आणायची, कशी बघून घ्यायची, ताजी का शिळी कसं ओळखायचं, ह्याबद्दल एक शब्द नाही. मीठ अर्धा चमचा का पाऊण ते सांगता, आणि ज्याच्यावर अख्खा पदार्थ उभाय ते आयतं पिशवीतून येणार असं धरून चालता. मला हे फार खटकलं म्हणून लिहितेय, पत्र लांबणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा.

मी मूळची अलिबागजवळच्या थळची, लग्न होऊन डोंबिवलीला आले त्याला आता ३८ वर्षं झाली. आमचं घर कोळ्यांचं नाही पण किनारा चार पावलांवर, होडी लागली की आई टोपली घेऊन निघायची आणि मी तिच्या मागे. पाटीतली एक कोळंबी ती दोन बोटांनी मुंडीला धरून उचलायची आणि हलकाच झटका द्यायची. धड लोंबकळून सुटायला आलं तर परत पाटीत, आणि मान घट्ट राहिली तर मग पुढची बोलणी. बाकी भाव, वाटा, सगळं नंतर. पाचसहा वर्षांची असताना बघितलेलं ते अजून डोळ्यासमोर आहे आणि आज पण मी मार्केटमध्ये तेच करते.

तर मला जे सांगायचंय ते एवढंच की कोळंबी डोक्यासकट घ्या. सोललेली घेऊ नका, मग ती कितीही पांढरीशुभ्र आणि नीटस दिसू दे. ती ताजी आहे की नाही हे सांगणारं जे काही असतं ते जवळजवळ सगळं तिच्या डोक्यात आणि मानेत असतं, आणि साफ करून विकताना नेमकं तेच काढून टाकलेलं असतं, मग उरलेल्या मांसाकडे बघून तुम्ही ओळखणार काय?

ह्याचं कारण साधं आहे. कोळंबीचं पोट आणि यकृतासारखा जो अवयव असतो तो तिच्या डोक्यातच असतो. त्यात अन्न पचवणारे रस असतात आणि कोळंबी मेली की ते रस तिचंच मांस पचवायला लागतात, सुरुवात अर्थातच डोक्याजवळून होते. म्हणून सगळ्यात आधी मान सैल पडते, डोकं आणि धड ह्यांच्यामध्ये फट दिसायला लागते, फटीतून पिवळट नाहीतर काळपट पाणी येतं, आणि तिथून मऊपणा शेपटीकडे सरकत जातो. तुम्ही शिजवलेली कोळंबी कधी पिठासारखी लागली असेल ना, मानेकडून मऊ आणि शेपटीकडे बरी, ती हीच.

आता कोणी म्हणेल की मग डोकं आधीच काढलेलं बरं. बरोबर आहे, बोटीवर किंवा धक्क्यावर एकदम ताज्या कोळंबीचं डोकं काढून लगेच बर्फात घातली तर ती जास्त टिकते, एक्स्पोर्टचा बराच माल असाच जातो. ससून डॉकला जाऊन बघा, बायका पहाटेपासून कोळंबी सोलायला बसलेल्या असतात, हात काय चालतो त्यांचा, बघत राहावं, आणि वजनावर पैसे मिळतात. ते काम चांगलंच आहे. पण सकाळपासून खपली नाही, मान सैल पडली, डोकी काळी झाली अशी कोळंबी पण शेवटी सोलूनच विकली जाते, कारण सोलली की ती इतरांसारखीच दिसते. दोन पिशव्या शेजारी ठेवल्या तर त्यातली धक्क्यावरची कुठली आणि दुपारपर्यंत पडून राहिलेली कुठली हे मला ओळखता येत नाही, तर नवीन मुलींना कुठून येणार.

आमच्याकडे गेल्या वर्षी गटारीलाच झालं ते सांगते. सुनेनं अ‍ॅपवरून एक किलो मागवली, पाकिटावर प्रीमियम, साफ केलेली, दोरा काढलेली असं सगळं लिहिलेलं, थंडगार, वास काही नाही, दिसायला मोगऱ्याच्या कळ्या. तिला वाटलं आपला दोन तासांचा वेळ वाचला, बिचारी ऑफिस करून सगळं करते, तिला मी दोष देणार नाही. हळदमीठ लावून ठेवली आणि पंधरा मिनिटांनी बघते तर पातेल्यात दुधासारखं पाणी सुटलेलं आणि झाकण काढल्याबरोबर नाकात गेलं, अमोनियाचा तो डोळ्यात झोंबणारा वास. पाहुणे हॉलमध्ये बसलेले. सगळी फेकली आणि अंड्यांची करी केली. पैसे परत मिळाले, त्याबद्दल काही म्हणणं नाही, पण पोरीचा चेहरा एवढासा झाला होता, म्हणाली आई ह्यात मी काय बघायला हवं होतं? आणि खरं सांगते, माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण त्या पिशवीत बघण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं. त्यानंतर मी तिला दर रविवारी बरोबर घेऊन जाते.

तिला जे शिकवलं तेच इथे लिहिते. आधी लांबून बघायचं, पाटी बर्फात आहे का नुसता वर दाखवायला बर्फ टाकलाय. खाली वर दोन्हीकडे बर्फ आणि वितळलेलं पाणी खालून निघून जातंय हे चांगलं, पण कोळंबी जर साध्या पाण्यात पोहत असेल तर घेऊ नका, पाणी पिऊन ती फुगते, पांढरी पडते आणि चव पाण्यात जाते. मग जवळ जाऊन डोळे बघायचे. काळेभोर, चमकदार, बाहेर आलेले डोळे हवेत, मिरीच्या दाण्यासारखे. आत बसलेले, सुरकुतलेले, करडे दिसले तर पुढे चला. मिशा लांब आणि बऱ्यापैकी शाबूत असल्या तर माल कमी वेळा उलटापालटा झालाय, अर्थात मिशा तुटल्या म्हणजे वाईट असं नाही, वाहतुकीत तुटतातच. मग रंग. ताजी कोळंबी काचेसारखी असते, साल ओलसर चमकते आणि आतलं मांस जरा पारदर्शक दिसतं. कच्चीच असून दुधाळ पांढरी किंवा कडेनं गुलाबी झालेली असेल तर तिला कुठेतरी ऊन लागलंय किंवा बर्फ संपला होता. (काही जाती मुळातच तांबूस असतात, त्यांना हा नियम लावू नका, तिथे मानच बघा.)

काळे डाग हा मोठा घोटाळ्याचा विषय आहे. कोळंबी मेल्यावर तिच्या सालीत एक रासायनिक क्रिया होते, कापलेलं सफरचंद किंवा वांगं काळं पडतं तशीच, आणि डोक्यावर, पायांच्या मुळाशी, सालीच्या सांध्यांवर काळ्या कडा येतात. ती क्रिया म्हणजे सडणं नव्हे, पण वेळ गेलाय हे त्यावरून कळतं. एखादा डाग असेल तर मी फार मनावर घेत नाही, पण मुंडकं काळं आणि प्रत्येक सांध्यावर काळी रेघ असेल तर नको. आता ह्याच्या उलटं पण लक्षात ठेवा, डाग अजिबात नाहीत म्हणजे कोळंबी ताजी असं समजू नका, कारण डाग पडू नयेत म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइटची पावडर वापरतात, ठराविक प्रमाणात ती चालते सुद्धा, पण ती फक्त रंग राखते, आतलं मांस मऊ व्हायचं काही थांबत नाही. शिवाय दमा असलेल्यांना ह्या सल्फाइटचा त्रास होऊ शकतो. म्हणून रंगावर फसू नका आणि मानेवर या.

मान बघताना लाजायचं नाही. कोळंबी उचला, डोकं आणि पहिलं कडं जिथे मिळतं तिथे अंगठ्यानं हलकं दाबा. ताजी असेल तर अंगठ्याला परत ढकलते, शिळी आत जाते आणि तशीच राहते. मग तीच जागा नाकाशी न्या. पाटीचा वास घेऊन काही कळत नाही, सगळ्या मार्केटचा वास एकच असतो, वास घ्यायचा तो मानेचा. ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर येतो तसा खारा वास आला तर ठीक, अमोनियासारखा किंवा आंबूस आला तर ठेवून द्या. बोटांना बुळबुळीत लागली तरी ठेवून द्या. सालीचं मात्र जरा समजून घ्या, कोळंबी खेकड्यासारखी कात टाकते आणि नुकतीच कात टाकलेली असेल तर साल कागदासारखी मऊ असते पण मांस घट्ट असतं, ती खुशाल घ्या. साल कडक आहे पण आतलं मांस सुटून खुळखुळतंय ती मात्र नको.

पाठीतल्या काळ्या दोऱ्यावरून पण बायका ताजेपणा ठरवतात, ते चुकीचं आहे. तो आतड्याचा भाग, कोळंबीनं शेवटी काय खाल्लं तेवढंच त्यात दिसतं. तळ्यातल्या कोळंबीला काढणीच्या आधी बरेचदा खायला देत नाहीत म्हणून तिचा दोरा रिकामा असतो, बाकी काही नाही.

तळ्यातल्या कोळंबीचं निघालंच आहे तर सांगते, आज आपल्या शहरांमध्ये एकसारख्या आकाराची, फिकट, पांढरट पायांची जी कोळंबी दिसते ती बरेचदा वेनामी असते. ही मुळात आपल्या समुद्रातली नव्हे, मेक्सिकोपासून पेरूपर्यंतच्या पॅसिफिक किनाऱ्याची, आपल्याकडे तिच्या शेतीला २००९ मध्ये परवानगी मिळाली आणि बघता बघता आंध्रापासून गुजरातपर्यंत तळी झाली, पालघर रायगडकडे पण आहेत. आमच्या वयाच्या बायका तिला नाकं मुरडतात, पण मी म्हणेन ताजेपणाच्या बाबतीत ती कधीकधी समुद्राच्या कोळंबीपेक्षा सरस असते, कारण तळ्यातून काढली की लगेच बर्फाच्या पाण्यात जाते, आणि मोठा ट्रॉलर समुद्रात आठ आठ दहा दहा दिवस असतो, त्यात पहिल्या दिवशी मिळालेली कोळंबी तुमच्याकडे पोचेपर्यंत किती जुनी झाली ते बघा. चव विचाराल तर आमच्या डोलीच्या जाळ्यातल्या कोळंबीची सर कशालाच नाही, भरतीओहोटीच्या हिशोबाने जाळं लावायचं आणि त्याच दिवशी घरी. म्हणून मी मार्केटमधल्या मासेवाल्या मावशीला सरळ विचारते, डोलीची का ट्रॉलरची का तळ्यातली? आणि ती सांगते. खोटं बोलली तर पुढच्या बुधवारी मी येणार नाही हे तिला माहितीये.

आमच्या मार्केटमधली मावशी गेली वीसेक वर्षं भाऊच्या धक्क्यावरून माल आणते, पहाटे लिलावाला उभी राहते, मग पाट्या डोक्यावर आणि लोकलचा मालडबा. कित्येकदा मी कोळंबीसाठी वाकले की तीच म्हणते, "वैनी, आज कोलंबी नको, कालची हाय. मांदेली न्या, सकालचीच हायेत." हे वाक्य मला कुठल्या अ‍ॅपनं आजपर्यंत म्हटलेलं नाही. आणि अशा बायका कमी होत चालल्यात, आमच्या मार्केटमध्ये चौदा जणी बसायच्या त्या आता पाच उरल्यात, ओट्यांवर मोबाईल कव्हरवाले बसलेत. गिऱ्हाईक सोललेली पाकिटं घरपोच मागवतंय म्हटल्यावर त्या तरी कुणासाठी पहाटे उठणार.

आता गटारीचं. तुमची पुरवणी आली जुलैत. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, ६१ दिवस, पावसाळ्यात कोळंबीसकट बऱ्याच मासळीची वीण होते म्हणून. आणि बहुतेक वर्षी गटारी येते ती नेमकी त्यात नाहीतर बंदी उठल्या उठल्या. नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय होडी न घालणारी घरं अजून आहेत. म्हणजे वर्षातली सगळ्यात जास्त कोळंबी आपण मागतो तेव्हा समुद्र बंद असतो. मग त्या दिवशी पाटीत येतं काय, तर तळ्यातली, खाडीत बिगरयांत्रिक होडीनं मारलेली थोडीशी, नाहीतर बर्फगोदामातली, आणि ही गोदामातली कोळंबी पाणी टाकून सोडवून "ताजी समुद्राची" म्हणून विकतात त्याचा मला मनापासून राग येतो. गोठवलेली विकायला काय हरकत आहे, पण गोठवलेली म्हणून विका ना. एकदा सोडवलेली कोळंबी गिऱ्हाईक घरी नेऊन परत फ्रीझरला टाकतं, मग काय व्हायचं ते होतं. पाकीट घेत असाल तर निदान एवढं बघा की आत दाणे सुटे आहेत, सगळा मिळून एक गोळा झाला असेल आणि आत भुसभुशीत बर्फ साचला असेल तर ते पाकीट मध्ये कुठेतरी वितळून परत गोठलंय. आणि वजन बर्फाच्या थरासकट आहे का त्याशिवाय तेही वाचा.

गटारीला खरं तर सोडे करावेत असं माझं मत आहे. आमच्याकडे आषाढात सोड्याची खिचडीच व्हायची, उन्हाळ्यात ताज्या कोळंबीचे सोलून वाळवलेले सोडे डब्यात भरून ठेवलेले असायचे ते ह्याच दिवसांसाठी. सोडे घेताना केशरट गुलाबी, कडकडीत वाळलेले, हाताला मीठ न लागणारे बघायचे. पण तो वेगळा विषय होईल.

मासळी खराब दिसू नये म्हणून लावतात त्या फॉर्मालिन रसायनाबद्दल शेजारणी नेहमी विचारतात. २०१८ च्या जुलैत गोव्यात बाहेरून आलेल्या मासळीवरून केवढा गदारोळ झाला होता, १५ दिवस बाहेरची मासळी आणायलाच बंदी घातली होती सरकारनं, तेव्हापासून ही भीती बसलीये. घरी नुसतं बघून खात्रीनं ओळखता येईल असं मी म्हणणार नाही. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं त्यासाठी कागदी पट्टीचं किट काढलंय, पट्टी मासळीवर घासून द्रावणाचा थेंब टाकला की रंग बदलतो. ते किट आपल्या प्रत्येक मंडईत का नसावं, वजनकाटे तपासायला माणूस येतो तसा ह्यासाठी पण यावा, ही मागणी तुम्ही लावून धरलीत तर फार बरं होईल.

डोक्यासकट घेतली की वाया जाते, महाग पडते, असं सून पण आधी म्हणायची. एक किलो घेतली तर साफ करून साधारण अर्धा किलो हातात येते हे खरं आहे. पण सोललेल्या अर्ध्या किलोचा भाव लावून बघा, फरक फार राहत नाही, आणि ती मुंडकी सालं टाकायची कशाला? मिशा आणि टोक कापून मुंडकी सालं तेलावर लाल होईपर्यंत परतायची, दोन लसणीच्या पाकळ्या ठेचून, वर गरम पाणी, वीस मिनिटं उकळू द्यायचं आणि गाळून घ्यायचं. तुमच्या खिचडीत साधं पाणी घालायला सांगितलंय तिथे हे पाणी घाला. माझ्या नातवाला कोळंबीपेक्षा तो भात आवडतो. अर्थात हे पाणी शिळ्या कोळंबीचं होऊच शकत नाही, लगेच कडवट लागतं.

वेळेचं म्हणाल तर किलोभर कोळंबी सोलायला मला पंचवीस मिनिटं लागतात, सुनेला आता चाळीस. मुंडी पिरगाळून काढायची, पायाकडून साल उलगडायची, पाठीवर सुरीनं उभी चीर देऊन दोरा ओढायचा. ज्यांना खरंच वेळ नाही त्यांनी मावशीला समोर सोलायला सांगावं, दहावीस रुपये जास्त द्यावेत, पण आधी डोक्यासकट बघून निवडावी आणि मगच सोलायला द्यावी. मी गुडघे दुखतात तेव्हा तेच करते. बरोबर एक डबा न्यावा, त्यात तिच्याकडूनच मूठभर बर्फ मागून घ्यावा, कोणी नाही म्हणत नाही. रविवारी अकरानंतर गेलात तर मात्र निवडायला फार काही उरत नाही.

तेव्हा तुमच्याकडे दोन गोष्टी मागते. पुढच्या वेळी कोळंबीच्या साहित्यात "कोळंबी एक किलो, डोक्यासकट, मान घट्ट असलेली" असं छापा, एका ओळीचं काम आहे. आणि दुसरं, तुमच्या पान ७ वर बाजारभावाची चौकट असते त्यात कांदा, बटाटा, टोमॅटो, कोथिंबिरीची जुडीसुद्धा असते, मासळी मात्र नसते. मुंबई ठाण्यात तुमचा पेपर वाचणारी निम्मी घरं तरी मासे खाणारी असतील. शुक्रवारच्या अंकात धक्क्यावर ह्या आठवड्यात काय येतंय, कोळंबी समुद्राची येतेय का तळ्यातली, भाव काय, एवढं चार ओळीत दिलंत तर रविवारी पिशवी घेऊन निघताना आम्हाला कळेल की कोळंबीसाठी जायचं का मांदेली आणायची. माहिती कुठून मिळवायची हा प्रश्न असेल तर पहाटे पाचला एखाद्या वार्ताहराला भाऊच्या धक्क्यावर पाठवा, आमची मावशी तिथेच असते, विचारलं तर सगळं सांगेल.

आपली,
एक नियमित वाचक,
डोंबिवली पूर्व